नोंदींचे जतन : भरलेल्या डिस्कची एक हकीकत

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत संगणक विभागाच्या मानद सल्लागारांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभेत नवी यंत्रे, वाढलेल्या खाटा आणि पार पडलेल्या शस्त्रक्रिया यांची माहिती देण्याची प्रथा आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ते काम उत्तम रीतीने केले आहे. मला मात्र तळमजल्यावरील संगणक खोलीतल्या एका साध्या यंत्राविषयी आणि ते सांभाळताना आमच्या हातून झालेल्या एका चुकीविषयी बोलायचे आहे. या चुकीमुळे कोणत्याही रुग्णाला इजा झाली नाही, हे आरंभीच सांगतो. परंतु इजा झाली नाही याचे श्रेय आमच्या व्यवस्थेकडे जात नाही, आणि म्हणूनच ही हकीकत आपल्यासमोर मांडणे मला कर्तव्य वाटते. विश्वस्त मंडळाने त्यास मोकळ्या मनाने अनुमती दिली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आपल्या रुग्णालयातील नोंदी आता संगणकावर होतात. केसपेपर, प्रयोगशाळेतील तपासण्यांचे आकडे, औषधांच्या सूचना आणि डिस्चार्ज कार्ड हे सारे एका मुख्य सर्व्हरवर साठवले जाते. त्या सर्व्हरला काही झाले तर नोंदी जाऊ नयेत, यासाठी रोज रात्री दोन वाजता त्यांची दुसरी प्रत वेगळ्या यंत्रावर घेतली जाते. यालाच बॅकअप म्हणतात. हे बॅकअपचे यंत्र लिनक्स या प्रणालीवर चालते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला आणि पुढे जगभरच्या तंत्रज्ञांनी ती वाढवली. ती वापरण्यास परवाना शुल्क पडत नाही. आपल्यासारख्या धर्मादाय संस्थेला हे मोठेच साहाय्य आहे.

या यंत्रात दोन डिस्क आहेत. पहिली ५०० जीबीची. यंत्र चालवणारी प्रणाली तिच्यावर राहते, म्हणून तिला आपण मुख्य डिस्क म्हणू. दुसरी ४ टीबीची, म्हणजे आठपट मोठी. ती केवळ साठवणीसाठी आहे. एवढी जागा लागते ती प्रामुख्याने चित्रांसाठी. सीटी स्कॅनचे एक चित्र साधारणपणे ५१२ ओळी आणि ५१२ स्तंभ इतक्या ठिपक्यांचे असते आणि प्रत्येक ठिपक्याला २ बाइट लागतात. म्हणजे एका चित्राला सुमारे अर्धा एमबी. एका तपासणीत अशी ४०० चित्रे निघाली की २०० एमबी झाले. त्या मानाने रुग्णाची लेखी नोंद फारच लहान असते. तथापि वैद्यांना उपचार ठरवताना पहिला आधार लागतो तो त्या लहानशा लेखी नोंदीचाच. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी, कारण पुढील हकीकतीत तिला महत्त्व आहे.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली आणि ती बराच वेळ आली नाही. बॅटरी संपल्यावर बॅकअपचे यंत्र बंद पडले. वीज परतल्यावर ते आपोआप सुरू झाले. पण साठवणीची मोठी डिस्क मात्र त्यास जोडली गेली नाही. अशा वेळी लिनक्स तक्रार करून थांबून राहू नये, अशी सोय आम्हीच करून ठेवली होती, जेणेकरून एका डिस्कच्या दोषापायी सारे यंत्र अडू नये. त्या सोयीने त्या रात्री आमचा घात केला.

ते कसे, हे समजण्यासाठी जुन्या वाड्यातील भिंतीतले फडताळ डोळ्यांसमोर आणावे. समजा त्या फडताळापुढे आपण एक मोठे कपाट उभे केले आहे आणि गड्याला सांगितले आहे की रोज रात्री कागद या जागी ठेवत जा. एके दिवशी कपाट दुरुस्तीला गेले. गडी आज्ञाधारक, त्याने जागा पाहिली, कागद मागच्या फडताळात कोंबले आणि फडताळ भरून गेले. दुसऱ्या दिवशी कपाट परत येऊन जागेवर उभे राहिले. आता फडताळ कोणालाच दिसत नाही, आणि ते भरलेले आहे हेही कोणाला ठाऊक नाही.

लिनक्समध्ये नेमके असेच घडते. मोठी डिस्क ज्या जागी जोडायची ती जागा म्हणजे मुख्य डिस्कवरचा एक रिकामा कप्पा असतो. डिस्क जोडलेली असताना त्या कप्प्याच्या नावाने डिस्कवरचा मजकूर दिसतो. ती जोडलेली नसेल तर मागचा मूळ कप्पा उघडा पडतो. त्या रात्री दोन वाजता बॅकअपचे काम सुरू झाले, त्यास आदल्या दिवशीची प्रत सापडली नाही, म्हणून त्याने सर्व काही नव्याने उतरवण्यास आरंभ केला. प्रथम लेखी नोंदी, मग चित्रे. काही तासांत मुख्य डिस्क काठोकाठ भरली आणि काम अर्धवट थांबले.

सकाळी आमच्या तंत्रज्ञाने मोठी डिस्क जोडलेली नाही हे पाहिले, ती जोडली, तिच्यावरील जुन्या प्रती जागच्या जागी आहेत याची खात्री केली आणि तो इतर कामांना लागला. त्या दिवशी वीज जाण्याने बिघडलेली आणखी अनेक यंत्रे त्याची वाट पाहत होती. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेवढेच केले असते.

त्यानंतरच्या नऊ रात्री बॅकअप नेमाने चालला. चित्रे थेट मोठ्या डिस्कवर जात होती, ती नीट गेली. लेखी नोंदींची मात्र आधी मुख्य डिस्कवर एक एकत्रित फाइल तयार होते आणि मग ती मोठ्या डिस्कवर नेली जाते. मुख्य डिस्कवर जागाच नव्हती. भरलेल्या डिस्कवर फाइलचे नाव लिहिता येते. तिच्यात मजकूर भरता येत नाही. परिणामी रोज त्या त्या तारखेची एक फाइल तयार होत गेली, तिचे नाव बिनचूक होते, आणि तिचा आकार शून्य होता. वरवर पाहणाऱ्यास यादी पूर्ण दिसत होती.

आपण विचाराल, यंत्राने सूचना कशी दिली नाही? सूचना देण्याची व्यवस्था होती. काम बिघडले तर यंत्राने ई-मेल पाठवायची होती. पण बाहेर जाणारी ई-मेलसुद्धा आधी त्याच मुख्य डिस्कवर लिहिली जाते आणि नंतर रवाना होते. ज्याने हाक मारायची त्याचाच आवाज बसला होता. आणि ई-मेल येत नाही, याचा अर्थ सारे ठीक आहे, असे आम्ही समजत राहिलो.

दहाव्या दिवशी ही गोष्ट उघडकीस आली ती एका वेगळ्याच कारणाने. त्या आठवड्यात आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव तिन्ही सारखी असलेले दोन रुग्ण दाखल होते. एकाच व्यक्तीची नोंद दोनदा झाली आहे अशा समजुतीने कार्यालयात त्या दोन नोंदी एकत्र केल्या गेल्या. त्यांपैकी एक वयोवृद्ध गृहस्थ मूत्रपिंडाच्या विकाराने पाच दिवसांपूर्वी दाखल झाले होते. त्यांच्या रक्तातील क्रिएटिनिन रोज किती होते, ते चढत आहे की उतरत आहे, यावरून अनेक औषधांची मात्रा ठरवावी लागते. आता पडद्यावर दोघांचे आकडे एकत्र मिसळले होते. त्यांची कन्या खाटेजवळ बसून होती. वॉर्डातील डॉक्टरांनी दूरध्वनी करून आदल्या रात्रीच्या प्रतीतून मूळ नोंद काढून देण्यास सांगितले. आम्ही आदल्या रात्रीची फाइल उघडली. ती रिकामी होती. त्याच्या आधीची पाहिली. तीही रिकामी. अशा नऊ फाइली निघाल्या. शेवटची भरलेली प्रत त्या गृहस्थांच्या दाखल होण्यापूर्वीची होती.

त्या दिवशी रुग्णालयाची लाज राखली ती नोंदी विभागातील कागदाने. प्रयोगशाळेचे छापील अहवाल आणि परिचारिकांनी हाताने भरलेले तक्ते अद्याप केसपेपरला जोडण्याची आपली पद्धत आहे. ते कागद वॉर्डात होते. त्यांवरून दोन्ही रुग्णांच्या नोंदी त्याच दुपारी पुन्हा वेगळ्या करण्यात आल्या. ज्या भगिनींनी पाचही दिवस ते तक्ते न चुकता भरले होते, त्यांचे आभार मी येथे जाहीरपणे मानतो.

यानंतर मुख्य डिस्क का भरली याचा शोध सुरू झाला. तो कोणत्याही संस्थेस उपयोगी पडेल, म्हणून थोडक्यात सांगतो. लिनक्समध्ये जागेचा हिशेब विचारण्याचे दोन मार्ग आहेत. ‘डीएफ’ ही आज्ञा डिस्कच्या स्वतःच्या खातेवहीतून सांगते की एकूण किती जागा दिली गेली आहे. ‘डीयू’ ही आज्ञा प्रत्येक कप्प्यात स्वतः जाऊन एकेक फाइल मोजते. एक वही पाहून सांगते, दुसरी खोलीत फिरून. आमच्या बाबतीत वही सांगत होती की डिस्क शंभर टक्के भरली आहे. फिरून मोजणी केली तर ७० जीबीच सापडत होते. डिस्कचा चार-पंचमांशाहून अधिक भाग वापरात होता, पण कोठे, ते दिसत नव्हते.

या क्षणी एक सूचना पुढे आली की मोठ्या डिस्कवरील जुन्या प्रती पुसून जागा मोकळी करावी. सूचना सद्हेतूने केलेली होती. पण ती मानली असती तर भरलेल्या मुख्य डिस्कवर एक बाइटही मोकळा झाला नसता, आणि आपल्याजवळच्या खऱ्या, भरलेल्या प्रती तेवढ्या नष्ट झाल्या असत्या. दोन हिशेब जुळत नाहीत तोवर काहीही पुसायचे नाही, असे आम्ही ठरवले.

मग संभाव्य कारणे एकेक करून तपासली. पहिले कारण असे की एखादी फाइल पुसली तरी जो कार्यक्रम ती उघडून बसला आहे, तो ती सोडीपर्यंत जागा मोकळी होत नाही. नोंदवहीतून नाव खोडलेली फाइल एखाद्याच्या टेबलावर पडून राहावी, तसा हा प्रकार. अशी एक फाइल सापडली, पण ती लहान होती. दुसरे कारण, असंख्य बारीक फाइलींमुळे नावनोंदणीच्या जागाच संपणे. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलसाठी आयनोड नावाची एक नोंद लागते आणि त्यांची संख्या ठरलेली असू शकते. ती तपासली, भरपूर शिल्लक होती. तिसरे कारण, या प्रकारच्या डिस्कवर प्रशासकासाठी सहसा ५ टक्के जागा राखून ठेवलेली असते, त्यामुळे इतरांना डिस्क थोडी आधीच भरलेली भासते. पण आमचा बॅकअप प्रशासकाच्याच अधिकाराने चालत असल्याने त्याने ती राखीव जागाही वापरून टाकली होती.

उरले चौथे कारण, कपाटामागचे फडताळ. लिनक्समध्ये मुख्य डिस्कचे मूळ रूप दुसऱ्या जागी उघडून पाहता येते, आणि त्या वेळी पुढे उभे असलेले कपाट आड येत नाही. तसे पाहताच वीज गेली त्या रात्रीची अर्धवट प्रत तेथे आढळली. विशेष म्हणजे लेखी नोंदी आरंभीच उतरवल्या गेल्याने त्या रात्रीची लेखी नोंदींची फाइल तेथे संपूर्ण होती. ती आधी मोठ्या डिस्कवर सुरक्षित हलवली, उघडून पडताळली, आणि मगच बाकीचे पुसले. घाईने सफाई केली असती तर तीही गेली असती.

सभासदहो, यातून घ्यायचा बोध डिस्कच्या जागेविषयी नाही. आमच्यापाशी नऊ प्रती आहेत असे आम्ही मानत होतो. वास्तविक एकही नव्हती. ज्या प्रतीतून नोंद परत काढून पाहिलेली नाही, ती प्रत आहे असे कोणी समजू नये.

ही चूक केवळ लहान संस्थांच्या हातून होते असेही नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या जगप्रसिद्ध संगणक सेवेत एका अभियंत्याकडून मुख्य माहितीसाठा चुकून पुसला गेला. तेव्हा असे आढळले की त्यांचा रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता, आणि तो बिघडल्याच्या ई-मेल कोणापर्यंत पोहोचतच नव्हत्या. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेल्या एका प्रतीवरून त्यांनी सेवा उभी केली; मधल्या सहा तासांची माहिती गेली ती गेलीच. त्यांनी हा सारा वृत्तांत जगासमोर मांडला, आणि आम्हास बोलण्याचे धैर्य त्या उदाहरणाने दिले.

रुग्णालयांच्या बाबतीत तर धोका अधिक गंभीर आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर संगणक-विषाणूने इंग्लंडमधील अनेक सरकारी रुग्णालयांचे काम विस्कळीत केले आणि हजारो रुग्णांच्या भेटी रद्द कराव्या लागल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे सर्व्हर अशाच हल्ल्याने बंद पडले आणि तेथील कर्मचाऱ्यांना कित्येक दिवस कागदावर काम करावे लागले. अशा प्रसंगी उघडून पडताळलेली, आणि यंत्रापासून अलग ठेवलेली प्रत हाच मोठा आधार असतो. शिवाय हे कायद्याचेही बंधन आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार आंतररुग्णाची नोंद उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवावी लागते, आणि रुग्णाने मागितल्यास ती ७२ तासांत द्यावी लागते. शून्य आकाराची फाइल दाखवून ते बंधन पाळले असे म्हणता येणार नाही.

आता आम्ही काय बदलले, ते सांगतो. मोठी डिस्क जोडलेली आहे की नाही हे पाहिल्याखेरीज बॅकअपचे काम आता सुरूच होत नाही. मागच्या फडताळाला कुलूप घातले आहे, म्हणजे कपाट नसताना त्या कप्प्यात काहीही लिहिता येत नाही. रात्रीच्या फाइलचा आकार आदल्या रात्रीच्या फाइलशी ताडून पाहिला जातो. सूचना देण्याचे काम दुसऱ्या यंत्राकडे सोपवले असून सर्व ठीक असल्याचा संदेश रोज सकाळी यावा लागतो. तो आला नाही तर बिघाड आहे असे समजून तपास सुरू होतो. दर आठवड्याला एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती रुग्णालयाच्या इमारतीबाहेर ठेवली जाते.

सर्वांत महत्त्वाचा बदल मात्र साध्या वहीचा आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी बॅकअपमधून कोणत्याही पाच रुग्णांच्या नोंदी वेगळ्या संगणकावर परत काढल्या जातात. नोंदी विभागातील एक व्यक्ती त्या केसपेपरच्या कागदांशी ताडून पाहते आणि वहीत सही करते. ही व्यक्ती संगणक विभागातील नसावी, असा नियम केला आहे. ही वही कोणत्याही विश्वस्तांना आणि देणगीदारांना केव्हाही पाहता येईल.

माझ्या देणगीदार बंधुभगिनींना शेवटी एक विनंती. आपण दिलेल्या डायलिसिस यंत्रावर आपल्या आप्तांच्या स्मृतीची पाटी लागते आणि ते योग्यच आहे. बॅकअपच्या डिस्कवर पाटी लावण्याजोगी जागा नसते, आणि महिन्यातून एकदा नोंदी ताडून पाहणाऱ्याच्या दोन तासांवर तर मुळीच नसते. परंतु त्या डायलिसिस यंत्रावर झोपलेल्या रुग्णाचे कालचे आकडे आज डॉक्टरांच्या हाती असणे या दोन तासांवर अवलंबून आहे. आपल्या देणगीचा एखादा लहान अंश या न दिसणाऱ्या कामासाठी राखून ठेवता आला, तर तो सत्कारणी लागेल, याची ग्वाही देतो.

आणि येथे उपस्थित असलेल्या नातेवाइकांना एवढेच सांगतो की डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे अहवाल आणि औषधांच्या चिठ्ठ्या घरी एका पिशवीत नीट जपून ठेवा व पुढच्या भेटीला येताना बरोबर आणा. आम्ही आमची प्रत सांभाळूच. पण आपल्या हातातील प्रत हीसुद्धा एक प्रतच आहे, आणि अडचणीच्या वेळी ती फार मोलाची ठरते.

ते वयोवृद्ध गृहस्थ पुढे बरे होऊन घरी गेले. जाताना त्यांच्या कन्येने आपली सारी कागदपत्रे मोजून घेतली आणि एक कागद कमी आहे हे आमच्या निदर्शनास आणून दिले. तो शोधून दिला. त्यांची ती दक्षता आमच्या विभागाने आता आपलीशी केली आहे.